मॅन्युअल उघडणे ही कॉपी कशी?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

परीक्षांमधील गैरप्रकारांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे प्रसिद्ध झालेला पत्रव्यवहार मी लक्षपूर्वक वाचला. कॉपीला आळा बसलाच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु संगणकाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत कॉपी कशाला म्हणायचे, याबद्दल खुद्द परीक्षकांच्याच मनात किती गोंधळ आहे, याचा एक अनुभव गेल्या सत्रात मला आला आणि तो अजून मनातून जात नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत मी २१ वर्षे सहायक म्हणून काम करीत आहे. परीक्षेच्या दिवशी यंत्रे चालू ठेवणे, प्रश्नांच्या चिठ्ठ्या मांडणे आणि इंटरनेटची जोडणी काढून टाकणे एवढेच माझे काम असते. मत देण्याचा अधिकार मला नसतो. म्हणून ते मत आपल्यामार्फत मांडत आहे.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या प्रात्यक्षिकात एका विद्यार्थ्याला चिठ्ठी आली, ती अशी: दिलेल्या फोल्डरमधील गेल्या सात दिवसांत बदललेल्या फायली शोधून त्यांचा एक गठ्ठा बांधणारी शेल स्क्रिप्ट लिहा. (शेल म्हणजे टंकलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, आणि स्क्रिप्ट म्हणजे अशा कमांडची फाइल.) मुलगा मेहनती, जर्नल वेळेवर पुरे करणारा. त्याने टर्मिनलवर ‘मॅन फाइंड’ असे टंकले, पान उघडल्यावर स्लॅश देऊन ‘एमटाइम’ (फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ) हा शब्द शोधला आणि पडद्यावर बोट ठेवून तो परिच्छेद वाचू लागला. तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक त्याच्या मागे येऊन उभे राहिले. “हे काय उघडलंस?” त्यांनी विचारले. “सर, मॅन पेज आहे,” मुलगा म्हणाला. “आत्ताच्या आत्ता बंद कर, नाहीतर कॉपी म्हणून नोंद करीन.” मुलाने मुकाट्याने क्यू दाबून पान बंद केले. पुढे घाबरून त्याने सातच्या आधी वजा चिन्हाऐवजी अधिक चिन्ह घातले, स्क्रिप्टने नेमक्या उलट्या, म्हणजे जुन्या फायली गोळा केल्या आणि त्याचे गुण गेले. गुणांचे दुःख त्याला असेल. मला दुःख आहे ते वर्षभर आम्ही ज्या सवयीसाठी त्याच्या मागे लागलो, तीच सवय त्या दिवशी गुन्हा ठरली याचे.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध येत नाही, त्यांच्यासाठी हे मॅन पेज म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. लिनक्स किंवा युनिक्स जातीच्या संगणकावर बहुतेक प्रोग्रॅमसोबत त्यांची माहितीपुस्तिकाही बसवलेली असते. ती पाहायला इंटरनेट लागत नाही. त्याच यंत्राच्या डिस्कवर, बहुतेक करून ‘/यूएसआर/शेअर/मॅन’ या फोल्डरात, जागा वाचावी म्हणून दाबून ठेवलेल्या फायलींच्या रूपात पडून असते. ‘मॅन’ असे लिहून पुढे प्रोग्रॅमचे नाव दिले की ती फाइल उघडून, मजकूर नीट जुळवून पडद्यावर येतो. (कमांडची नावे मी इथे देवनागरीत लिहीत आहे, प्रत्यक्षात ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकावी लागतात.) ही व्यवस्था आजकालची नाही. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिहिलेल्या युनिक्सच्या मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फायली, ‘हेही पाहा’ अशी तेव्हाची मथळ्यांची मांडणी आजही जवळजवळ तशीच टिकून आहे. त्यातला मला सर्वांत आवडणारा मथळा ‘बग्ज’ हा. प्रोग्रॅममध्ये कोणते दोष राहून गेले आहेत, हे तो लिहिणाऱ्यानेच तिथे नोंदवायचे असते. आपल्याकडच्या एखाद्या परिपत्रकाच्या शेवटी असा रकाना कधी पाहिल्याचे मला आठवत नाही.

आता ही पुस्तिका परीक्षेत उघडली तर उत्तर आयते मिळते का? त्या मुलाने जो परिच्छेद उघडला होता, त्याचेच उदाहरण घेऊ. ‘फाइंड’च्या पानावर लिहिले आहे, की एमटाइमपुढे दिलेला आकडा म्हणजे चोवीस तासांचे तितके गट, आकड्यापूर्वी अधिक चिन्ह दिले तर त्याहून जास्त, वजा चिन्ह दिले तर त्याहून कमी आणि नुसता आकडा दिला तर बरोबर तेवढे. शिवाय तिथेच अशी सूचना मिळते, की चोवीस तासांनी भागल्यावर उरणारा अपूर्णांक सोडून दिला जातो, आणि त्यामुळे ‘अधिक एक’ असे लिहिले तर काल बदललेली फाइल सापडत नाही, ती किमान दोन दिवस जुनी असावी लागते. हे वाचून ‘गेल्या सात दिवसांत’ या शब्दांचा अर्थ वजा सात असा लावायचा, मग सापडलेल्या फायलींची यादी गठ्ठा बांधणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायची, नावात मोकळी जागा असलेल्या फायलींनी घोळ घालू नये म्हणून काळजी घ्यायची, यांपैकी काहीही ते पान करून देत नाही. ज्याला विषय कळलेला नाही, त्याच्यासमोर ते पान तासभर उघडे ठेवले तरी त्याला स्क्रिप्ट लिहिता येणार नाही. ज्याला कळलेला आहे, त्याला ते चिन्हाची खात्री करून देते. अनुभवी माणूसही नोकरीत हेच करतो, आणि केले नाही तर एखाद्या दिवशी नको त्या फायली पुसून बसतो.

आपल्याकडे याला आधार नाही असेही नाही. बारावीच्या विज्ञानाच्या पेपरांत लॉगची पुस्तिका चालते. तीत पाहून आकडा काढणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी कॉपीबहाद्दर म्हणत नाही. स्थापत्य शाखेच्या मुलांना पोलादी बांधकामाच्या पेपरात आयएस ८०० ही संहिता आणि स्टील टेबल जवळ ठेवू देतात, कारण तुळईचे मोजमाप पाठ असणे हे अभियंत्याचे कौशल्य नव्हे, योग्य तुळई निवडणे हे आहे, असे त्या शाखेने फार पूर्वी मान्य केले आहे. एकाच इमारतीच्या एका मजल्यावर जे रीतसर आहे, ते दुसऱ्या मजल्यावर गैरप्रकार ठरते आणि त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही.

एवढ्यावरच थांबलो असतो, तर ते एका परीक्षकाविरुद्धचे गाऱ्हाणे झाले असते. खरा प्रश्न असा आहे, की आपल्या यंत्रावर कोणता प्रोग्रॅम कुठे आहे आणि त्याची माहिती कुठे आहे, हे शोधून काढणे हा अभ्यासाचा भाग आहे, असेच कोणाला वाटत नाही. मुले अडली की शोधयंत्रात प्रश्न टाकतात, किंवा अलीकडे बोलणाऱ्या एआयला विचारतात, आणि आलेली ओळ जशीच्या तशी चिकटवतात. ती ओळ पुष्कळदा बरोबरही असते. पण ती कोणाच्या यंत्रासाठी बरोबर, हा प्रश्न राहतोच. आमच्या प्रयोगशाळेत उबंटू या प्रकारचे लिनक्स आहे आणि काही मुलांकडे घरी मॅकबुक आहेत. ‘सेड’ या प्रोग्रॅमने फाइल जागच्या जागी बदलण्याचा ‘-आय’ हा ऑप्शन दोन्हीकडे आहे. पण लिनक्सवरच्या ग्नू सेडमध्ये त्यापुढे जुन्या प्रतीच्या नावाला जोडायचे शेपूट द्यायचे की नाही हे आपल्या मर्जीवर असते, तर मॅकवरच्या बीएसडी (युनिक्सची बर्कली शाखा) जातीच्या सेडला ते द्यावेच लागते, निदान रिकामे अवतरण तरी. घरी चालणारी ओळ प्रयोगशाळेत चालत नाही म्हणून मुले यंत्राला, कधी मला, दोष देतात. दोन्ही यंत्रांवर ‘मॅन सेड’ असे लिहिले असते, तर दोन्ही पुस्तिकांनी आपापल्या यंत्रापुरते खरे ते सांगितले असते. यंत्रावरची पुस्तिका त्या यंत्रावरच्या आवृत्तीची असते, हा तिचा मोठा गुण आहे.

अर्थात पुस्तिका वाचण्याआधी आपण नेमका कोणता प्रोग्रॅम चालवतो आहोत हे ठाऊक हवे, आणि तिथे अंतिम वर्षाची मुलेही फसतात. मागच्या पावसाळ्यात एक गट प्रकल्पाचे काम घेऊन माझ्याकडे आला. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे एक मॉड्यूल (जोडून वापरायचा तयार कोड) त्यांनी उबंटूच्या सॉफ्टवेअर भांडारातून रीतसर बसवले होते, बसवल्याचा संदेशही आला होता, आणि तरी पायथॉन म्हणत होता की असे मॉड्यूलच नाही. त्यांनी ते तीनदा काढून तीनदा बसवले होते. मी त्यांना ‘व्हिच पायथॉन३’ असे टंकायला सांगितले. उत्तर आले ‘/यूएसआर/लोकल/बिन/पायथॉन३’. मग ‘व्हेअरइज पायथॉन३’ असे टंकायला सांगितले. तेव्हा एका ओळीत बरीच नावे आली आणि त्यांत ‘/यूएसआर/बिन/पायथॉन३’ असाही एक पत्ता होता. त्यांच्यापैकीच एकाने महिन्यापूर्वी नवी आवृत्ती स्वतः संकलित करून बसवली होती आणि बाकीच्यांना सांगायचे तो विसरला होता. भांडारातून आलेले मॉड्यूल मूळच्या पायथॉनच्या घरी जाऊन बसत होते आणि प्रकल्प मात्र नव्या पायथॉनवर चालत होता.

व्हिच आणि व्हेअरइज यांतला फरक एवढ्यात स्पष्ट व्हावा. शेलजवळ ‘पाथ’ नावाची फोल्डरांची एक क्रमवार यादी असते. आपण प्रोग्रॅमचे नाव टंकले की त्या यादीतील पहिल्या फोल्डरापासून शोध सुरू होतो आणि जिथे ते नाव पहिल्यांदा भेटेल, तिथला प्रोग्रॅम चालतो. गिरगावातल्या एका चाळीत दोन जोशी असले आणि पाकिटावर नुसते ‘जोशी’ लिहिलेले असले, तर पोस्टमन जिना चढल्यावर पहिल्यांदा लागणाऱ्या जोश्यांकडे ते टाकून मोकळा होतो, तसेच हे. व्हिच त्या पहिल्या जोश्यांचे दार दाखवते. ‘-ए’ हा ऑप्शन दिला तर यादीतल्या सगळ्यांची. व्हेअरइजचे काम थोडे निराळे आहे. बर्कली विद्यापीठाच्या १९७९ सालच्या ३ बीएसडी या प्रणालीत ती प्रथम आली, आणि तेव्हापासून ती एका नावासाठी तीन गोष्टी शोधते: चालणारी फाइल, तिचा मूळ कोड आणि तिची मॅन्युअलची पाने. नुसती चालणारी फाइल हवी तर ‘-बी’, नुसते मॅन्युअल हवे तर ‘-एम’ आणि नुसता कोड हवा तर ‘-एस’. प्रोग्रॅम आणि त्याची पुस्तिका दोन्हींचा पत्ता एका ओळीत देणारी ही कमांड मी पहिल्याच तासाला शिकवावी असा आग्रह धरतो, आणि दरवर्षी शिक्षक मान डोलावून पुढे जातात.

तिला सर्वज्ञ मानण्याचेही कारण नाही. ठरावीक फोल्डरे, पाथमधील फोल्डरे आणि मॅन्युअलच्या यादीतील फोल्डरे एवढ्यातच ती शोधते. कोणी आपल्या घरच्या फोल्डरात आडबाजूला प्रोग्रॅम ठेवला असेल, तर ती काहीच सांगणार नाही. त्यासाठी ‘लोकेट’ आहे, पण लोकेट आधी तयार केलेल्या सूचीत पाहते आणि ती सूची बहुधा दिवसातून एकदाच ताजी होते. त्यामुळे सकाळी बसवलेली फाइल दुपारी न सापडणे आणि काल पुसलेली फाइल आजही सापडणे, हे दोन्ही घडते. ‘फाइंड’ मात्र प्रत्यक्ष डिस्क चाळते. वेळ घेते, पण त्या क्षणाचे खरे सांगते.

आणखी एक गंमत सांगतो. त्याच गटाने मग ‘/यूएसआर/लोकल’मधला पायथॉन पुसून टाकला. पुन्हा पायथॉन३ असे टंकले, तर शेल म्हणाले, ‘/यूएसआर/लोकल/बिन/पायथॉन३’ अशी फाइलच नाही. आणि व्हिच मात्र ‘/यूएसआर/बिन’ दाखवत होती. मुले चक्रावली. बॅश, म्हणजे आमच्या यंत्रांवरचे शेल, एकदा चालवलेल्या प्रोग्रॅमचा पत्ता त्या बैठकीपुरता लक्षात ठेवते, आणि व्हिच हा वेगळा प्रोग्रॅम असल्याने त्याला बॅशच्या मनात काय आहे ते कळत नाही. ‘टाइप पायथॉन३’ असे विचारले, तेव्हा बॅशने स्वतःच कबूल केले की पत्ता आठवणीतून काढलेला आहे. ‘हॅश -आर’ दिल्यावर ती आठवण पुसली गेली आणि काम सुरळीत झाले. म्हणूनच टर्मिनलवर मी काय टंकले तर काय चालेल, हे विचारायचे असेल तर ते टाइपला विचारावे. तो शेलचाच भाग असल्याने टोपणनावे, फंक्शने, अंगभूत कमांड यांची त्याला माहिती असते. फोल्डर बदलणाऱ्या सीडी या कमांडसाठी ‘व्हिच सीडी’ असे विचारून उत्तर न आल्यामुळे आपल्या यंत्रावर सीडी बसवलेली नाही, असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी मी पाहिला आहे, आणि तोपर्यंत तो दिवसभर सीडी वापरूनच फोल्डरे बदलत होता. सीडी शेलच्या पोटात असते. तिची माहिती बॅशमध्ये ‘हेल्प सीडी’ या कमांडने मिळते.

नावच आठवत नसेल तर काय, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्यासाठी ‘ॲप्रोपो’ आहे, ज्याचा उच्चार आमच्याकडे शेवटच्या एससकट ठणकावून केला जातो. तिला ‘कॉपी’ असा शब्द दिला की ज्या पानांच्या नावात किंवा एका ओळीच्या वर्णनात तो शब्द आहे, अशा सर्व पानांची यादी येते. ‘मॅन -के’ लिहिले तरी तेच होते. कधी कधी यादी येतच नाही, योग्य असे काही सापडले नाही एवढेच उत्तर मिळते. अशा वेळी पाने नाहीत असे समजू नये. पुष्कळदा त्यांची सूची तयार झालेली नसते आणि प्रशासकाने ‘मॅनडीबी’ चालवले की ती तयार होते. आमच्या प्रयोगशाळेतील निम्म्या यंत्रांवर ही सूची जुनी होती, हे मी स्वतः दोन वर्षांपूर्वी शोधून काढले. म्हणजे चूक आमचीही होती, हे कबूल करतो.

त्याहून मोठी उणीव निराळी आहे आणि ती मुंबईतल्या इतर प्रयोगशाळांतही असावी अशी मला शंका आहे. मॅन्युअलचे विभाग आकड्यांनी ओळखले जातात: पहिला रोजच्या कमांडचा, दुसरा कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, करायच्या विनंत्यांचा, तिसरा सी भाषेच्या लायब्ररीतील फंक्शनांचा, पाचवा फायलींच्या मांडणीचा, आठवा प्रशासनाचा. एकच नाव दोन विभागांत असू शकते. सी शिकणारा विद्यार्थी ‘मॅन प्रिंटएफ’ असे लिहितो, त्याच्यासमोर पहिल्या विभागातील शेलच्या प्रिंटएफचे पान येते, त्यात हेडर फायलीचे नाव नसते, आणि पुस्तिका निरुपयोगी आहे असे म्हणून तो ती कायमची मिटवतो. त्याने ‘मॅन ३ प्रिंटएफ’ लिहायला हवे होते. पण त्याने तसे लिहिले तरी उबंटू आणि ते ज्यावर बेतले आहे त्या डेबियनवर दुसऱ्या व तिसऱ्या विभागाची पाने ‘मॅनपेजेस-डेव्ह’ नावाच्या वेगळ्या गठ्ठ्यात (पॅकेजात) येतात, आणि तो गठ्ठा बसवलेला नसेल तर पान उघडणारच नाही. कंटेनरसाठी (एकाच यंत्रात अलग चालणाऱ्या छोट्या प्रणालींसाठी) तयार केलेल्या उबंटूच्या लहान प्रतिमांत तर जागा वाचवण्यासाठी मॅन पेजेस काढूनच टाकलेली असतात. तिथे ‘मॅन’ लिहिले की यंत्र प्रामाणिकपणे तसे सांगते आणि ‘अनमिनिमाइझ’ ही कमांड सुचवते. प्रयोगशाळा कंटेनरवर नेण्याची सध्या जी घाई चालली आहे, तीत ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येते का, कोण जाणे.

मॅन पेजच्या पलीकडेही माहिती असते आणि तिचा पत्ता व्हेअरइज देत नाही. ‘/यूएसआर/शेअर/डॉक’ या फोल्डरात प्रत्येक गठ्ठ्याच्या नावाचे एक उपफोल्डर असते. त्यात बदलांची नोंद, परवाना आणि कधी कधी नमुन्याच्या फायली सापडतात. प्रोग्रॅम कोणत्या गठ्ठ्यातून आला हे डेबियन घराण्यात ‘डीपीकेजी -एस’ सांगते (एस मोठा लिहावा), आणि त्या गठ्ठ्याने यंत्रावर कोणकोणत्या फायली आणून ठेवल्या याची संपूर्ण यादी ‘डीपीकेजी -एल’ देते (एल मोठा). फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या घराण्यात हीच कामे ‘आरपीएम -क्यूएफ’ आणि ‘आरपीएम -क्यूएल’ करतात.

भाषेचा मुद्दा टाळता येणार नाही. मराठी माध्यमातून आलेली मुले ही पाने पाहून बिचकतात. त्यांना इंग्रजीपेक्षाही ‘सिनॉप्सिस’ या मथळ्याखालची ओळ अडवते, असा माझा अनुभव आहे. चौकटी कंसात असेल ते ऐच्छिक, उभ्या रेघेने वेगळे केलेले असेल त्यातले एकच घ्यायचे, पुढे तीन टिंबे असतील तर ते कितीही वेळा देता येते, अधोरेखित शब्दाच्या जागी आपले नाव घालायचे, एवढे चार संकेत समजले की निम्मी भीती जाते. मी हे संकेत आणि त्या पानांत वारंवार येणारे ३८ इंग्रजी शब्द मराठी अर्थासह एका कागदावर लिहून प्रयोगशाळेच्या दारामागे चिकटवले आहेत. त्या कागदाच्या झेरॉक्स मुले मागून नेतात, याचा मला थोडा अभिमान आहे. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतूनही उपलब्ध केले आहेत, ते आम्ही दाखवतो. मॅनची रचना अशी आहे, की यंत्राची भाषा मराठी ठेवली तर ते आधी मराठी पानांचे उपफोल्डर पाहते आणि तिथे काही नसेल तर इंग्रजी पान उघडते. माझ्या यंत्रावर त्या ठिकाणी जर्मन, फ्रेंच आणि जपानी पानांची फोल्डरे आहेत, मराठीचे नाही. निदान फाइंड, टार, ग्रेप अशा रोजच्या कमांडची पाने मराठीत आणायला एखाद्या महाविद्यालयातील मुलांचा एक उन्हाळा पुरेसा ठरावा.

शेवटी माझी मागणी सांगतो. विद्यापीठाने प्रात्यक्षिक परीक्षेच्या सूचनांत एक वाक्य घालावे: यंत्रावर बसवलेले मॅन्युअल, इन्फो आणि हेल्प परीक्षेत पाहता येईल, इंटरनेट आणि मोबाइल पाहता येणार नाही. असे वाक्य छापील असेल, तर परीक्षक कोणीही आला तरी मुलाला त्याच्या मर्जीवर राहावे लागणार नाही. मला विचाराल तर त्यापुढे जाऊन एक प्रश्नच असा ठेवावा, की ज्याचे उत्तर वर्गात शिकवलेले नाही पण पुस्तिकेत आहे, आणि ते शोधून काढण्यालाच गुण द्यावेत. सगळी मुले पुस्तिका उघडून बसली तर वेळ पुरणार नाही, असा आक्षेप एका प्राध्यापकांनी माझ्याशी बोलताना घेतला. त्यात तथ्य आहे. परंतु ज्याने वर्षभर सराव केला आहे, त्याला स्लॅश, हवा तो शब्द आणि पुढच्या ठिकाणी जाण्यासाठी एन, एवढे करायला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि ज्याने केला नाही त्याचा वेळ पुस्तिकेत गेला तर ती परीक्षाच झाली.

पुढच्या सत्राची प्रात्यक्षिके जवळ येत आहेत. आमच्या प्रयोगशाळेतील सर्व ६० यंत्रांवर मी मॅनपेजेस-डेव्ह बसवून ठेवले आहे आणि सूचीही ताजी केली आहे. परीक्षेच्या दिवशी तिथे बसणाऱ्या मुलांना ती पाने उघडू दिली जातील की नाही, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

आपला नम्र,
एक प्रयोगशाळा सहायक
मुलुंड (पूर्व), मुंबई

(नोकरीच्या कारणास्तव कृपया नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)